झटकून जावा

इंगवले रसशाळेच्या फाटकावर रोज संध्याकाळी चाळणीवरच्या बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि बाळासो खराडे त्यांना झटकायला लावायचा. आधी पदर, मग ओचा, मग पिशवी उलटी, मग जेवणाचा डबा उघडा. डब्यात भाकरीचा तुकडा उरला असला तर तो भाकरीही पालथी करून बघायचा. सगळं बघून झालं की मान वर न करता म्हणायचा, "हं. झटकून जावा." रांगेत सगळ्यांत शेवटी चिमणाबाई असायची. ती पदर असा काही झटकायची की धूळ बाळासोच्या चष्म्यावर बसायची. त्या दोघांचा रोजचा व्यवहार तेवढाच.

आता कुणाला वाटेल, आत सोनं कुटत असतील. सोनं नव्हे, भांग. वैद्य सयाजीराव इंगवल्यांच्या उद्यमनगरातल्या ह्या रसशाळेत संग्रहणीवरचं एक चूर्ण तयार व्हायचं आणि त्याला पार गगनबावड्यापर्यंत मागणी होती, कारण पोटं सगळीकडेच बिघडतात. चूर्णात सुंठ, जायफळ आणि विजया. विजया म्हणजे भांगेचा वाळका पाला. ग्रंथात तिला विजया म्हणतात, सरकारी परवान्यात भांग म्हणतात, आणि शेजारचे लेथवाले रसशाळेला काय म्हणतात ते सयाजीरावांनी कधी मनावर घेतलं नाही. पाला परवान्यावर यायचा, एक्साइजच्या साहेबांसमोर त्याचं वजन व्हायचं आणि तो दोन कुलपांच्या खोलीत जायचा. एक किल्ली रसशाळेची, एक एक्साइजची. चाळून उरलेला कचरासुद्धा साहेबांसमोर वजन करून जाळावा लागायचा. कायदा असा, की परवाना असला तर पाला बाळगता येतो, झाड मात्र एकही लावता येत नाही. पाला म्हणजे औषध आणि झाड म्हणजे तुरुंग.

अशा जागी स्टोअरकीपर संशयी लागतो, आणि बाळासोपेक्षा संशयी माणूस सयाजीरावांना अख्ख्या कोल्हापुरात सापडला नसता. रिक्षात बसला तर हा मीटरकडे न बघता ड्रायव्हरच्या मानेकडे बघायचा. दुधात पाणी असेल म्हणून गंगावेशीत म्हशीपुढं उभा राहून धार काढून घ्यायचा, आणि तरीही म्हशीला सकाळी पाणी किती पाजलं होतं ते विचारायचा. बायको शालूबाई हसली तर का हसली आणि नाही हसली तर का नाही हसली, दोन्हींची चौकशी व्हायची. त्या माउलीने त्यामुळे मधला एक चेहरा तयार करून ठेवला होता.

बाळासोचा संशय स्वतःलाही सोडत नसे, हे त्याच्याबद्दल चांगलं म्हणून सांगायला हवं. दिवसभर त्या खोलीत वावरून कपड्यांवर भुगा बसायचाच. पण फाटकावर सगळ्यांदेखत स्वतःचे कपडे झटकले आणि त्यातून पाल्याचा तुकडा पडला, तर बायका काय म्हणतील? म्हणून तो तसाच ताठ चालत बाहेर पडायचा, सायकलवर ताठ बसायचा आणि उत्तरेश्वर पेठेतल्या आपल्या घरी आल्यावर अंगणाच्या कोपऱ्यात, नळाच्या कठड्यापाशी उभा राहून नखशिखान्त झटकायचा. घरात भांगेचा कण जाता कामा नये, असा त्याचा दंडक होता.

त्याच कोपऱ्यात शालूबाईचे झेंडू होते. दसऱ्याचं तोरण सुकलं की फुलं चुरून ती तिथंच टाकायची आणि पावसाळ्यात रोपं उगवायची. यंदा त्यातलं एक रोप भलतंच फोफावलं होतं. शालूबाईने बाकीची किडकी रोपं उपटून त्याला जागा करून दिली होती, रोज तांदळाचं धुवण घालत होती, आणि ते आता तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. फूल मात्र एक नाही. "दसरा आला तोंडावर, आणि ह्याचं आपलं नुसतं वाढणं चाललंय," असं ती म्हणायची. बाळासोला झाडाझुडपांत काडीचा रस नव्हता. त्याचा उपयोग त्याला एकच, अंघोळीनंतर ओला टॉवेल त्याच्यावर छान वाळायचा.

तर त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, बाळासोच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडायची होती. रसशाळेचे जुने मॅनेजर निवृत्त झाले होते, आणि परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून ज्याचं नाव लागतं तिथं सयाजीरावांनी बाळासोचं नाव सुचवलं होतं. परवाना मालकांच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये लावलेला असायचा. त्या काचेमागं आपलं नाव बघायची बाळासोला आस लागली होती. त्याची सासुरवाडी मुरगूडची, आणि तिथं जावयाची ओळख इतकी वर्षं "भांगेच्या कारखान्यातलं पावणं" अशी करून दिली जायची. आता ते सरकारमान्य पाहुणे होणार होते. तसं त्याने सासऱ्यांना सांगूनही टाकलं होतं. राहिली होती ती फक्त पडताळणी. एक्साइजचे दुय्यम निरीक्षक धम्मपाल साहेब एकदा घरी येऊन जाणार, माणूस सांगितलेल्या पत्त्यावर राहतो का, घर बरं आहे का ते बघणार, की झालं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात चिमणाबाईच्या पिशवीत ते पान निघालं.

पिशवी उलटी केल्यावर डबा पडला, तंबाखूची पुडी पडली, आणि मागून एक हिरवं पान तरंगत खाली आलं. पाच बोटांचं, कडेला करवतीसारखे दाते असलेलं. गोदामाच्या भिंतीवर एक्साइजने दिलेला तक्ता होता, त्यावर भांगेच्या झाडाचं चित्र होतं, आणि हे पान त्या चित्रातून उतरून आल्यासारखं होतं. खरं सांगायचं तर बाळासोने हिरवी भांग उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्याच्याकडे यायचा तो वाळका, चुरलेला पाला. भाजीपाल्याचंही तेच. भाजी त्याला ताटात आल्यावर ओळखू यायची, तीही शालूबाईने नाव सांगितल्यावर. पण चित्र त्याला तोंडपाठ होतं.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, बाई, हे पान कसलं? बाळासोने विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नसतो, कारण उत्तरावर त्याचा विश्वास नसतो. त्याने पानावर हळूच पाय ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हं. झटकून जावा." चिमणाबाई पदराची धूळ त्याच्या चष्म्यावर सोडून निघाली, आणि सायकल रसशाळेतच ठेवून बाळासो तिच्या मागोमाग.

चिमणाबाई कसबा बावड्यात राहायची. बाळासो तिच्या मागं अंतर ठेवून चालला, बसमध्ये तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि बावड्यात उतरल्यावर एका गोठ्याआडून त्याने तिच्या घराच्या मागचं परडं बघितलं. परड्याच्या कडेने सरळ रांगेत तीच झाडं. पुरुषभर उंच, तांबूस दांड्यांची, वर सगळी पाच-पाच बोटांची पानं. चोरून एखादं झाड ठेवणं वेगळं, ह्या बाईनं पीक घेतलं होतं. गोदामातल्या पाल्यात बिया असतात. त्या ही बाई केसांतून नाहीतर अंबाड्यातून नेत असली पाहिजे. पदर झटकायला लावला, ओचा झटकायला लावला, अंबाडा सोडायला कधी सांगितलं नाही, ह्याचा बाळासोला मनस्वी पश्चात्ताप झाला.

पुरावा हवा म्हणून चिमणाबाई घरात गेल्यावर त्याने कुंपणातून हात घालून चार-पाच शेंडे खुडले आणि रुमालात बांधले. बांधल्यावर ध्यानात आलं की आता भांग आपल्या हातात आहे.

त्या दिवशीचा परतीचा बसचा प्रवास बाळासो जन्मभर विसरला नाही. रुमाल लहान आणि शेंडे लांब, त्यामुळे हिरवे तुरे बाहेर डोकावत होते. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी बराच वेळ त्या तुऱ्यांकडे बघत होती. शेवटी तिने वाकून विचारलं, "पावणं, कवळी हाय की वं. बावड्यातनं आणलीसा?"

बाळासोने खिडकीबाहेर बघितलं. म्हातारी सोडायला तयार नव्हती. "न्हाय, जुडी कशी दिली तेवढं सांगा. आमच्या सुनंला लई आवडती."

मागच्या बाकावरून एका धोतरवाल्याने माहिती पुरवली की बावड्याची चांगलीच असते, वडणग्याची जरा जून येते. कंडक्टरनेही तिकीट फाडता फाडता मान डोलावली. बाळासोला आता सगळं कळलं. म्हातारी, तिची सून, धोतरवाला, कंडक्टर, सगळी बस ह्यात सामील. गावोगावच्या मालाची त्यांना खडान्‌खडा माहिती. एक्साइज काय झोपा काढतं काय? "विकायची न्हाय," एवढंच कसंबसं बोलून तो मधल्याच स्टॉपवर उतरला आणि राहिलेली वाट चालत गेला.

घरी आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे कोपऱ्यात कपडे झटकले, रुमाल तांदळाच्या डब्यामागं दडवला आणि पारावर जाऊन बसला. सकाळी मालकांपुढं काय बोलायचं त्याची त्याने मनातल्या मनात उजळणी केली. परत आला तेव्हा ताट तयार होतं. भाकरी, कांदा आणि लसणीची फोडणी दिलेली एक आंबटसर भाजी, कण्या घालून शिजवलेली. भूक सडकून लागली होती. दोनदा मागून घेतली. वर बोलूनही गेला, की आज भाजी झकास झालीय.

शालूबाई लाजली. "व्हणारच की. लग्न झाल्यापास्नं पैल्यांदा तुमी हातानं भाजी आणलीसा. आणि आणून लपवून ठेवलीसा, मला काय कळत न्हाय व्हय?"

बाळासोने घास खाली ठेवला. "कसली भाजी?"

"आंबाडी."

त्याने तांदळाच्या डब्यामागं हात घातला. रुमाल धुऊन दोरीवर वाळत पडला होता. पुरावा निम्मा पोटात गेला होता आणि उरलेला कढईत होता.

शालूबाई आंबाडी म्हणाली तेव्हाच खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण बाळासोच्या डोक्यात ती तिथं सुरू झाली. बिचारी शालू, त्याने विचार केला, भोळी बाई, तिला काय कळतंय. चिमणाबाईने झाडं अशीच निवडून लावली असणार, की कुणी बघितलं तर आंबाडी वाटावी. आता तो स्वतःवर अंमल चढायची वाट बघत बसला. भिंत हलते का ते बघितलं, हलत नव्हती. भांग घेतलेली माणसं उगाच हसत सुटतात असं त्याने ऐकलं होतं, पण तो मुळातच हसत नसल्यामुळे त्या लक्षणाचा काही उपयोग नव्हता. मग त्याने शालूबाईकडे बघितलं. ती भांडी घासताना गुणगुणत होती. मध्येच त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा. इतक्या वर्षांत ही बाई भांडी घासताना गुणगुणली नव्हती. चढली, बाळासो मनात म्हणाला, हिला चढली. नवऱ्याने पहिल्यांदा भाजी आणली म्हणून बायकोला आनंद होऊ शकतो, ही गोष्ट काही त्याच्या डोक्यात आली नाही.

सकाळी तो मालकांपुढं उभा राहिला आणि दार लावून घेऊन सगळं सांगितलं. सयाजीरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू डोळ्यानं बघितलंस?"

"बघितलं, मालक."

"पुरावा हाय?"

"व्हता."

"आता कुठं हाय?"

बाळासो जमिनीकडे बघत म्हणाला, "संपला."

सयाजीराव वैद्य होते, झाड बघितलं असतं तर लांबूनच ओळखलं असतं. पण भांगेचा परवाना असलेला माणूस भांगेच्या झाडांशेजारी उभा दिसला तर परवान्याची काशी होईल, म्हणून ते बावड्याकडे फिरकायलाही धजेनात. त्यांनी चिमणाबाईला बोलावलं आणि कारण न सांगता काही दिवस घरी बसायला सांगितलं. तिने कारण विचारलं. त्यांनी हवापाण्याबद्दल काहीतरी सांगितलं. तिने बाळासोकडे बघितलं, बाळासोने फ्रेममधल्या परवान्याकडे बघितलं.

कारण न सांगता घरी बसवलेल्या बाईचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोन दिवसांत बावड्यात बोललं जाऊ लागलं की चिमणाबाईने चोरी केली. कुणी म्हणे जायफळ चोरलं, कुणी म्हणे गल्ला फोडला. लेकीच्या सासरी बातमी पोचली. इतकी वर्षं जिने चाळणीवर धुळीत बसून इमानाने काम केलं, तिला पाणी भरायला गेलं तरी बायका बाजूला सरून जागा देऊ लागल्या, आणि ते काही आदराने नव्हे. चिमणाबाई रडत बसणाऱ्यांतली नव्हती. वजनाच्या दिवशी येणारे धम्मपाल साहेब तिच्या ओळखीचे होते. ती थेट त्यांच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, माझ्यावर आळ कसला घेतलाय तो तरी मला कळू द्या, सरकारी माणूस तुमी, तुमास्नी सांगतील.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी रसशाळेच्या दारात जीप थांबली. जीपमधून धम्मपाल साहेब उतरले आणि त्यांच्या मागं चिमणाबाई. बाळासोला वाटलं, पकडली. मोठ्या समाधानाने तो पुढं झाला. मग साहेबांनी त्याच्याकडेच बोट केलं आणि काय ते सांगा म्हणाले.

बाळासोने सांगितलं. झाडं, बिया, अंबाडा, बसमधली टोळी, सगळं. धम्मपाल साहेब शांत माणूस, ऐकताना त्यांनी एकदाही भुवई हलवली नाही. ऐकून झाल्यावर सगळ्यांना जीपमध्ये बसायला सांगितलं. सयाजीराव पुढं बसले. मागं बाळासो आणि चिमणाबाई समोरासमोर बसले, आणि वाटभर तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही. केलेल्या चोरीची लाज कशी नाही, ह्याचं बाळासोला नवल वाटत होतं.

परड्यात गेल्यावर सयाजीरावांनी झाडांकडे एकदाच बघितलं आणि डोळे मिटून घेतले. धम्मपाल साहेबांनी एक पान खुडलं, तोंडात टाकलं आणि निवांत चघळलं. दुसरं खुडून बाळासोपुढं धरलं.

"खावा, खराडे."

"साहेब, मी असलं काय..."

"खावा."

बाळासोने डोळे मिटून पान चावलं. आंबट. ओळखीचं आंबट, कण्या घातलेलं, लसणीच्या फोडणीचं. जीभ सांगत होती आणि तो ऐकत नव्हता, असं थोडा वेळ झालं. मग त्याने मान खाली घातली.

"आंबाडी हाय," चिमणाबाई म्हणाली. "माझी सासू लावत व्हती, आता मी लावती. कामावर दुपारला भाजी खाती तवा तुमच्या डोळ्यादेखत खाती. इचारलं असतं तर जुडी घरला धाडली असती की. माझ्या लेकीच्या सासरला जाऊन आता कोण सांगणार?"

सयाजीरावांनी तिथंच सांगितलं की मी स्वतः जाईन आणि चारचौघांत सांगेन, आणि बाळासोला काय म्हणायचं ते रसशाळेत गेल्यावर म्हणेन. ते काय असेल ह्याची बाळासोला कल्पना आली. काचेच्या फ्रेममधलं आपलं नाव त्याला पुसट होताना दिसलं.

वाचवलं ते धम्मपाल साहेबांनी. ते म्हणाले, माणूस संशयी आहे, पण असल्या खात्याला संशयीच माणूस लागतो. चूक झाली, बाईंची माफी मागा, विषय संपवा. आणि आता जीप काढलीच आहे तर वाटेत खराड्यांच्या घरची पडताळणीही उरकून टाकू, पुन्हा कशाला खेप. बाळासोला भरून आलं. त्याने चिमणाबाईची हात जोडून माफी मागितली. आंबाडीची एक जुडी खुडून तिने त्याच्या हातात दिली आणि तीही जीपमध्ये बसली, कारण आळ फिटला होता आणि तिला तिथून कामावर जायचं होतं.

उत्तरेश्वर पेठेत जीप थांबली तेव्हा शालूबाई अंगणातच होती. साहेब, मालक, कामावरची बाई आणि हातात भाजीची जुडी घेतलेला नवरा एकदम दारात बघून तिचा मधला चेहरा पार विरघळला. लागोपाठ दुसऱ्यांदा भाजी. तिने घाईघाईने कोपऱ्यातल्या झाडावरचा टॉवेल काढून खुर्ची पुसली आणि साहेबांना बसायला दिली. टॉवेल काढल्यामुळे त्याच्याखालचं झाड उघडं पडलं.

धम्मपाल साहेब बसले नाहीत. ते झाडाकडे बघत होते. मालकही बघत होते. चिमणाबाई तर तोंडाला पदर लावून बघत होती. बाळासोला आधी कळेना की सगळे टॉवेलच्या जागेकडे का बघतायत. मग त्यानेही बघितलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला त्या झाडाची पानं दिसली.

साहेबांनी एक पान खुडलं, दोन बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं.

"आंबट हाय का, साहेब?" बाळासोने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"हे मी चाखणार न्हाय, खराडे."

साहेबांनी झाडात रस दाखवला म्हणून शालूबाईला अभिमान वाटला होता. "झेंडू हाय, साहेब," ती म्हणाली. "मीच वाढवलाय. रोज तांदळाचं धुवण घालती. वास जरा उग्र हाय, पर फूल कसं ते धरंना बघा."

फ्रेम गेली, परवाना गेला, नोकरी गेली, ते सगळं एका क्षणात बाळासोच्या मनातून निघूनही गेलं. उरलं एवढंच, की कायद्यात झाड लावणारा आत जातो, आणि ही वेडी बाई सरकारी माणसापुढं स्वतःच्या तोंडाने सांगतेय की मी लावलं. तो तिच्या आणि साहेबांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. आंबाडीची जुडी छातीशी धरलेली तशीच होती.

"साहेब, तिला काय म्हाईत न्हाय. जे काय लिवायचं ते माझ्यावर लिवा."

शालूबाईने नवऱ्याकडे बघितलं. काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं, पण हा माणूस आपल्यासाठी मध्ये उभा राहिला हे कळलं. ती त्याच्या शेजारी सरकून उभी राहिली आणि त्याचीच बाजू घेत म्हणाली, "त्यास्नी कशाला बोलताय साहेब? त्यास्नी झाडाचं काय बी म्हाईत न्हाय. रोज कामावरनं आलं की हितं उभं राहून कापडं झटकत्यात, तेवढाच काय तो त्यांचा आणि झाडाचा संबंध."

धम्मपाल साहेबांची नजर झाडाच्या बुंध्यावरून खाली आली, आणि बाळासोच्या बुटांवर, आणि बुटांवरून पँटवर. त्या काळात पँटच्या पायाला खाली रुंद दुमड ठेवायची पद्धत होती, आणि बाळासोची दुमड जरा जास्तच रुंद होती, कारण कापड उंचीला जास्त आलं होतं आणि शिंप्यावर संशय असल्यामुळे त्याने ते कापू दिलं नव्हतं.

साहेब काही बोलायच्या आत चिमणाबाई पुढं झाली. तोंडावरचा पदर तिने काढला होता.

"हं," ती म्हणाली. "झटका."

बाळासोने वाकून दुमड उलटी केली. भुगा पडला. भुग्याबरोबर बारीक बारीक, गोल, करड्या बिया पडल्या, आणि नेमक्या झाडाच्या बुंध्याशी जाऊन थांबल्या.

धम्मपाल साहेब पहिल्यांदा हसले. मग त्यांनी झाड मुळासकट उपटलं, सगळ्यांसमोर अंगणातच जाळलं, आणि पडलेल्या बियांतून आपोआप उगवलेलं एक झाड नष्ट केलं, असा साधा अहवाल लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पत्त्यावर माणूस राहतो का, तर राहतो. घर बरं आहे का, तर बरं आहे. परवान्यावर नाव लावायला साहेबांची हरकत नव्हती, फक्त एका अटीवर. जो सगळ्यांना तपासतो त्यालाही फाटकावर कुणीतरी तपासलं पाहिजे, आणि ते माणूस रसशाळेतलंच, भरवशाचं आणि डोळस असावं. सयाजीरावांनी फार विचार केला नाही. झाड जळत असताना शालूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरामुळे की झेंडूमुळे हे बाळासोने त्या दिवशी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आधी काचेची फ्रेम उतरवली गेली आणि नव्या परवान्यासह पुन्हा लागली. मुरगूडहून सासरे येऊन नाव वाचून गेले. मालक चिमणाबाईच्या लेकीच्या सासरी जाऊन, चारचौघांत बोलून आले. आठवड्यातून एकदा बाळासो मंडईतून भाजी आणू लागला. शालूबाई प्रत्येक पानाचं नाव त्याला विचारून मगच ते घरात घ्यायची.

फाटकावरची रांग अजूनही रोज लागते. बायका झटकतात, बाळासो बघतो, आणि सगळ्या बाहेर गेल्या की तो स्वतः रांगेच्या जागी जाऊन उभा राहतो. समोर स्टुलावर चिमणाबाई बसलेली असते. तो खिसे उलटे करतो, सदरा झटकतो, मग वाकून पँटची एक दुमड सोडतो, झटकतो, आणि झालं असं समजून सायकलकडे वळतो.

"थांबा," चिमणाबाई मान वर न करता म्हणते. "दुसरा पाय."